'हाय खाल्ली' म्हणतात ते नक्की काय असतं? पक्षाघातानंतरचं नैराश्य, गोळ्या आणि घरचं वेळापत्रक

निर्गुंडी (धागाकर्ती)

पक्षाघाताच्या पेशंटबद्दल घरच्यांकडून तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'त्यांनी हाय खाल्लीय.' 'व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवतात.' 'जरा काही बोललं की रडतात.' आणि तिन्हींवर बहुतेक घरांत एकच उत्तर तयार असतं: धक्काच मोठा आहे, सावरतील हळूहळू. हा धागा त्या 'हळूहळू'वर आहे. हातपाय सर्वांत जास्त सुधारतात ते पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, आणि नेमके तेच महिने यात जातात.

पक्षाघात झालेल्या साधारण तिघांमागे एकाला कुठल्याही वेळी तपासलं तरी नैराश्य सापडतं. पहिल्या पाच वर्षांचा हिशोब मांडला तर कधी ना कधी त्यातून गेलेले ४० ते ५० टक्के भरतात. 'पांगळेपणाचं दुःख, दुसरं काय' असं वाटणं साहजिक आहे, पण १९७७ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. त्यात तेवढंच अपंगत्व असलेले हाडांचे पेशंट शेजारी ठेवून तुलना केली, तर पक्षाघातवाल्यांत नैराश्य बरंच जास्त निघालं. म्हणजे मेंदूला झालेली इजाही त्यात भर घालते. 'डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला मार बसला तरच नैराश्य येतं' हे मात्र आता धरून बसू नका. २००० साली सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर तो नियम टिकला नाही.

आता मुद्द्याचं. गप्प बसलेला प्रत्येक पेशंट निराश नसतो. निदान चार गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात.

खरं नैराश्य दोन आठवडे तरी, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ असतं. आवडीची गोष्ट समोर आली तरी मन उठत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते. 'तुमच्यावर ओझं झालोय' हे वाक्य वारंवार येतं. आपण गप्प आहोत याचा माणसाला आतून त्रास होत असतो.

निरिच्छेत तो त्रासच नसतो. ताट समोर ठेवलं तर जेवतील, नाही ठेवलं तर मागणार नाहीत. विचारलं तर 'बरंय'. हात धरून उभं केलं की दहा पावलं शांतपणे चालतील, पण आपणहून उठणार नाहीत. घरचे याला आळस किंवा नाटकं म्हणतात. नैराश्याच्या गोळ्यांनी ही निरिच्छा सहसा हटत नाही, कधी कधी वाढते. म्हणून हा फरक कागदी नाही.

तिसरी गोष्ट सपाट आवाजाची. उजव्या मेंदूत इजा झाली की बोलण्यातले चढउतार आणि चेहऱ्यावरचे भाव जाऊ शकतात. 'मला खूप आनंद झाला' हे वाक्य बातम्या वाचल्यासारखं येतं. असा माणूस आतून ठीक असूनही उदास दिसतो. उलटही होतं: आतून खचलेला असतो आणि त्याच कोरड्या सुरात 'ठीक' म्हणतो. इथे चेहऱ्यावर जाऊ नका. झोप, भूक, भेटायला आलेल्यांशी वागणं यावरून ठरवा.

चौथी गोष्ट, काल ठीक होते आणि आज गुंगीत आहेत, सकाळी ओळखलं नि संध्याकाळी नाही. हे नैराश्य नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, साखर कमी होणं, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त (रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विशेष), नाहीतर दुसरा झटका. त्याच दिवशी दवाखाना.

डोस पुढे येतीलच. ते डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून आहेत, दुकानातून आणून सुरू करायला नाहीत.

तिरकामठा

आरती सुरू झाली की रडू, नातवाला पाहिलं की रडू. मग घरचे नातवाला त्या खोलीत नेणंच बंद करतात. हे कशात धरायचं? चारांत बसत नाही.

निर्गुंडी

पाचवी गोष्ट राहिलीच. भावनांवरचा मेंदूचा ब्रेक सैल होतो. पहिल्या काही महिन्यांत साधारण पाचातल्या एकाला हे होतं. रडू एकदम येतं, अर्ध्या-एक मिनिटात ओसरतं, आणि 'वाईट वाटलं का?' विचारलं तर पेशंट 'नाही हो, उगाचच आलं' म्हणतो. काहींना रडण्याऐवजी हसू फुटतं, तेही नेमकं कुणी गेल्याची बातमी ऐकताना.

रडू आलं की सगळ्यांनी भोवती जमून 'रडू नका, रडू नका' म्हणायचं नाही, त्याने ते लांबतं. बसण्याची पद्धत बदलायला लावा, हळू श्वास सोडायला सांगा, आणि विषय कोरड्या गोष्टीवर न्या: आज वार कोणता, दूधवाल्याचे किती झाले. नातवाला तर मुळीच तोडू नका. वारंवार होत असेल तर एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिनसारख्या गोळीचा छोटा डोस चांगला चालतो. नैराश्यात परिणाम दिसायला आठवडे लागतात, इथे कधी कधी काही दिवसांतच फरक पडतो. नैराश्य आणि हे दोन्ही एकत्रही असू शकतं.

औषधवाला_अण्णा

नवी गोळी घेण्याआधी जुन्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता. उदासपणा आणि मंदपणा कधी कधी त्या पिशवीतूनच येतो.

फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम दिलेलं असतं. त्याने काहींना चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. गोळी सुरू झाली ती तारीख आणि वागणं बदललं ती तारीख शेजारी शेजारी लिहा. स्वतः मात्र बंद करू नका, फिट येईल. डॉक्टर दुसरं औषध देऊ शकतात.

चक्कर येते म्हणून फ्लुनारिझिन किंवा सिनारिझिन महिनोन्‌महिने चालू राहतं. वयस्कर माणसाला त्याने नैराश्य येतं, अंग ताठरतं, चेहरा मुखवट्यासारखा होतो.

सर्वांत जास्त निसटतं ते लेवोसल्पिराइड. ते ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं असतं, स्ट्रिपवर रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या खाली बारीक अक्षरांत. 'गॅसचीच तर गोळी' म्हणून वर्षभर घेतली जाते आणि माणूस हळूहळू थिजल्यासारखा होतो.

झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम: तोल जातो, पडतात, दिवसभर पेंगतात, आणि गिळायला त्रास असेल तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

पिशवी तपासून झाली की रक्त: हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, थायरॉइडचं टीएसएच, बी-१२. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. पक्षाघाताच्या निम्म्याहून जास्त पेशंटांत झोपेतला श्वासाचा अडथळा सापडतो आणि दिवसाची मरगळ त्यातून येऊ शकते.

आता नैराश्याची नवी गोळी चालू झाली तर कुठे फसतं ते.

क्लोपिडोग्रेल (रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर फ्लुओक्सेटिन आणि फ्लुव्हॉक्सामिन टाळलेलं बरं. क्लोपिडोग्रेल पोटात जातं ते झोपलेलं औषध असतं, यकृतातलं एक एन्झाइम त्याला जागं करतं, आणि या दोन गोळ्या नेमकं त्याच एन्झाइमला अडवतात. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोलही तेच करतात, म्हणून पोटासाठी साधं पॅन्टोप्राझोल. वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमॅरॉल घेणाऱ्यांनी नैराश्याची गोळी सुरू केल्यावर आठवड्याभरात आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) करावा.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम या गटाच्या सगळ्याच गोळ्या प्लेटलेट्सची चिकटण्याची ताकद थोडी कमी करतात. त्यात ॲस्पिरिन, आणि वरून खांदादुखीला डायक्लोफिनॅक म्हटलं की पोटात रक्तस्रावाचा धोका. काळी डांबरासारखी शी झाली तर थांबायचं नाही. पक्षाघात मेंदूत रक्तस्राव होऊन झाला असेल तर या गोळ्यांचा निर्णय न्यूरोलॉजिस्टला विचारूनच.

सोडियम: वय जास्त आणि बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर लघवी वाढवणारं औषध त्यात आहे. ते आणि नैराश्याची गोळी मिळून सोडियम उतरवतात. सुरू करण्याआधी एकदा, मग दोन आणि चार आठवड्यांनी तपासा. १३५च्या खाली गेलं की डॉक्टरांना कळवा. १२५च्या खाली गुंगी, फिट.

ट्रामाडॉल असलेली दुखण्याची गोळी सोबत नको: थरथर, घाम, ताप, फिट.

डोस वयस्करांत निम्म्याने सुरू होतो. सर्ट्रालिन २५ मिग्रॅ, आठवड्याने ५०. एस्सिटॅलोप्राम ५, मग १०, आणि ६५ वर्षांपुढे त्यावर नाही, कारण ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबतो. झोप आणि भूक दोन्ही गेली असतील तर मिर्टाझापिन रात्री ७.५ मिग्रॅ. अमिट्रिप्टिलिन मेंदूतून येणाऱ्या जळजळीच्या वेदनेवर वापरतात, पण लघवी अडणं, उठताना बीपी पडणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं यामुळे वयस्करांत नैराश्यासाठी पहिली निवड नव्हे. नळीने अन्न जात असेल तर विचारून द्रवरूपातलं औषध घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत.

वेलदोडा

वाचनखूण साठवली. लेवोसल्पिराइडचं माहीतच नव्हतं.

सांजवारा

पक्षाघात झाला की फ्लुओक्सेटिन सगळ्यांनाच देतात ना, हात लवकर यावा म्हणून? नैराश्य असो वा नसो.

निर्गुंडी

ती प्रथा २०११ पासूनची. फ्रान्समध्ये ११८ पेशंटांवर 'फ्लेम' नावाची चाचणी झाली, तीन महिने रोज २० मिग्रॅ, आणि हातापायांची ताकद जास्त परतलेली दिसली. सगळे हुरळले. मग ब्रिटनमध्ये 'फोकस' चाचणीत ३१२७ पेशंटांपैकी निम्म्यांना सहा महिने तोच डोस दिला, निकाल २०१८ला आला: रोजच्या जगण्यातल्या स्वावलंबनात काही फरक नाही. नवं नैराश्य मात्र साधारण १७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आलं, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर गेलं. २०२०मध्ये स्वीडनची 'इफेक्ट्स' आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड-व्हिएतनामची 'ॲफिनिटी', दोन्हींनीही स्वावलंबनात फरक नाही हेच सांगितलं.

थोडक्यात, हात यावा म्हणून ही गोळी नको, आणि नैराश्य असेल तर ती अडवूही नका. जुन्या चिठ्ठीवर अजून चालू दिसली तर 'ही कशासाठी?' एवढंच विचारा. उत्तर 'हात यावा म्हणून' असेल तर दुसरं मत घ्या.

अनुस्वार

वाचेच्या बाजूने लिहिते. वर 'विचारलं तर म्हणतात' असं बरंच आलंय. ज्यांची वाचाच गेली त्यांना काय विचारणार? आणि नैराश्य सर्वांत जास्त निसटतं ते याच पेशंटांत.

आधी बघा की हो-नाही भरवशाचं आहे का. चमचा दाखवून 'हा चमचा आहे का?' विचारा, मग तोच दाखवून 'हे घड्याळ आहे का?' अशी पाच-सहा जोड्यांची फैर. सगळ्यालाच मान डोलत असेल तर त्या मानेवर 'उदास वाटतं का?'चं उत्तर घेऊ नका. घरचे नेमके इथे फसतात: 'विचारलं, हो म्हणाले.'

हो-नाही खरं असेल तर एका पुठ्ठ्यावर उभी पट्टी काढा, वर हसरा चेहरा, खाली पडलेला, आणि बोट ठेवायला सांगा. पट्टी उभीच हवी. आडवी काढली तर ज्यांचं एका बाजूला लक्षच राहत नाही त्यांना तिचं एक टोक दिसतच नाही. प्रश्न एका वेळी एक, चार-पाच शब्दांचा, आणि उत्तराला दहा सेकंद गप्प थांबा. दहा सेकंद फार मोठे वाटतात, पण मध्ये बोललात की पेशंटची जुळवाजुळव मोडते.

हो-नाहीच नसेल तर बघणाऱ्याने भरायच्या प्रश्नावल्या आहेत. 'एसएडीक्यू-१०' घरचे किंवा नर्स भरतात: आठवड्यात किती वेळा रडले, नजर टाळली, लोकांत मिसळायला नकार दिला वगैरे. 'एडीआरएस' थेरपिस्ट भरतो, नऊ मुद्दे, ३२ पैकी ९ किंवा जास्त आले तर पुढची तपासणी.

बोलू शकणाऱ्यांसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली मराठीतही आहे. २७ पैकी १० किंवा जास्त आले की लक्ष द्यायचं. मात्र थकवा, झोप, भूक, एकाग्रता या चार प्रश्नांचे गुण पक्षाघातामुळेही मिळतात. म्हणून पहिले दोन प्रश्न जास्त बोलके: गोष्टींतला रस गेलाय का, आणि मन उदास-निराश आहे का. दोन्ही मिळून ६ पैकी ३ आले तरी पूर्ण फॉर्म भरा. घरी सोडताना एकदा, मग दीड, तीन, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. एकदाच भरून फाइलला लावलेला फॉर्म फारसा कामाचा नाही.

काथ्याकूट

एवढी कागदपत्रं आणि गोळ्या! घरच्यांनी जीव लावला, व्यायाम करून घेतला की माणूस उठतो. आपल्याकडे कुटुंबं आहेत म्हणून आपण वाचतो.

हातखंडा

जीव लावा हो, त्याला कोण नाही म्हणतंय. पण 'घरच्यांनी व्यायाम करून घेतला की झालं' हे भारतातच तपासून पाहिलंय. 'अटेंड' चाचणीत १४ रुग्णालयांतल्या १२५० पेशंट घेतले आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरच्यांना शिकवून घरी व्यायाम करून घेतले. २०१७ला निकाल आला, नेहमीच्या उपचारापेक्षा काही जास्त मिळालं नाही. दोष कुटुंबांचा नव्हे. फक्त 'करा' म्हणण्याने मन उठत नाही.

मन उठवायची एक साधी पद्धत आहे: आधी कृती, मग मूड. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती वापरली, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून, सहा ते आठ बैठकांत. तीव्र नैराश्यावरही ती उपयोगी पडली, २०१७ला प्रसिद्ध झालं. ते पेशंट पक्षाघाताचे नव्हते, पण पद्धत इथे नीट बसवता येते. अशी:

पहिला आठवडा काही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. वहीत सकाळ-दुपार-संध्याकाळ काय केलं आणि मूड १० पैकी किती. 'दिवसभर वाईट' म्हणणाऱ्याच्या वहीतही सकाळी १० वाजता ४ आणि दुपारी ४ वाजता १ असं निघतं. मग काम सकाळी १० ला टाकायचं, दुपारी नाही.

दुसऱ्या आठवड्यात आधी आवडणाऱ्या दहा गोष्टींची यादी आणि त्यातली सर्वांत लहान निवडायची. 'देवळात जाणं' लहान नाही. 'देवासमोर उदबत्ती लावणं' लहान आहे. त्याचेही तुकडे: खुर्ची देव्हाऱ्यापाशी आणणं, चांगल्या हाताने लावणं, दुबळा हात पाटावर टेकवून ठेवणं. वेळ ठरलेली, २० मिनिटं, मग आडवं पडून विश्रांती. मूड असो-नसो, घड्याळ बघून.

काम खरं हवं. चेंडू दाबण्यापेक्षा मटार बरे: दुबळ्या हाताने शेंग दाबून धरायची, चांगल्याने फोडायची. पोळपाट सरकतो तर त्याखाली ओलं फडकं. तांदूळ निवडताना डावीकडे लक्ष राहत नसेल तर ताटाच्या डाव्या कडेला लाल दोरा चिकटवा आणि 'आधी लाल दोरा शोधा, मग उजवीकडे या' म्हणा. सांडेल, वेळ लागेल. सुनेने किंवा मुलाने 'राहू द्या, मी करते/करतो' म्हटलं की त्या दिवसाचं काम गेलं. ते वाक्य पेशंटच्या कानात 'तुमच्याने होत नाही' असं पोचतं.

काय बिघडतं? पहिल्या दिवशी तास-दीड तास करून घेतात, दुसऱ्या दिवशी थकवा, तिसऱ्या दिवशी नकार. पक्षाघाताचा थकवा वेगळा असतो, झोपेने जात नाही. वीसची तीस मिनिटं करायला आठवडा घ्या.

आणि खांदा. उठवताना दुबळा हात धरून ओढला की खांदा दुखायला लागतो, मग झोप नाही, मग व्यायामाला नकार, आणि निदान लागतं 'मन लागत नाही'. काखेत हात घालून ओढू नका, कमरेला पट्टा बांधून उठवा. झोपताना त्या हाताखाली उशी.

निरिच्छावाल्यांना हीच वही चालते, फक्त 'काय आवडेल?' विचारू नका. दोन वस्तू समोर ठेवा आणि 'ही की ही?' विचारा.

रानजाई

उलट दिशेबद्दल कुणीच लिहिलं नाही. आधीपासून नैराश्य असेल तर पक्षाघाताचा धोका वाढतो का?

निर्गुंडी

वाढतो. २०११मध्ये २८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली, तर नैराश्य असलेल्यांत धोका साधारण ४५ टक्के जास्त निघाला. भारतासह ३२ देशांत झालेल्या 'इंटरस्ट्रोक'मध्ये दहा कारणांत मिळून नव्वद टक्के धोका सामावतो असं दिसलं, त्या दहांत मानसिक ताण-नैराश्यही आहे. पण यादीत सर्वांत वर बीपी. कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) चढलेलं राहतं, शरीरात सूज रेंगाळते, प्लेटलेट्स चिकट होतात हे खरं असलं, तरी घराघरांत दिसणारा रस्ता साधा आहे: निराश माणूस बीपीची गोळी विसरतो, तंबाखू वाढवतो, चालायला जात नाही, तपासणी टाळतो. म्हणून नैराश्यावर उपचार घेणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाचं बीपी आणि साखर दर भेटीत बघा.

उतारवयात पहिल्यांदाच नैराश्य आलं, चाल मंदावली, नियोजन जमेना, आणि जुना बीपी-मधुमेह असेल, तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांची झीज त्यामागे असू शकते. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसतात. अशा नैराश्याला गोळ्या कमी दाद देतात.

एक गोष्ट वर राहिली. 'मरून गेलेलं बरं' हे वाक्य आलं की 'असं बोलू नये' म्हणून तोंड बंद करू नका. सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ठरवलंय का? विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो असेल तर एकटं ठेवू नका. गोळ्यांचे डबे आणि शेतघरात असतील तर फवारणीची औषधं कुलपात टाका, एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या बाहेर ठेवा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घरात सांभाळणाऱ्याचं मन खचलं असेल तर हा नंबर त्याच्यासाठीही आहे.

तिरकामठा

शेवटचं विचारतो. बरं वाटायला लागलं की गोळी किती दिवसांनी बंद करायची? दुकानदार म्हणतो सवय लागते.

औषधवाला_अण्णा

दुकानदार अल्प्राझोलामशी गल्लत करतोय, सवय त्याची लागते.

फरक दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा ते आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी वाढते, इथेच बहुतेक जण सोडतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी. बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने चालू, आधीही नैराश्य येऊन गेलं असेल तर त्याहून जास्त. बंद करताना निम्मा डोस दोन ते चार आठवडे, मग त्याचा निम्मा. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला हे जास्त, फ्लुओक्सेटिनला कमी. करंटसारखं सुरू झालं तर शेवटच्या डोसवर परत जायचं आणि अजून सावकाश उतरायचं.

स्ट्रिप संपायच्या आठ दिवस आधी नवी आणून ठेवा. दिवाळीत दवाखाना बंद आणि गोळी संपली, असं व्हायला नको.